चौदाने भागून बघ

चौल, १६ जून

जीवन,

वर ‘चि.’ लिहिलेलं नाही. तुझ्या रसायनाच्या बाई विसरल्या नाहीत, मुद्दाम गाळलं आहे.

फोन केला की एक मुलगी उचलते आणि ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ म्हणते. तीन दिवसांत नऊ मीटिंगा झाल्या. म्हणून हे स्पीड पोस्टाने. पाकीट घेताना तुमच्याकडे कोणाला तरी सही करावी लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायला जागा राहणार नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता तुझ्या सख्ख्या चुलत्याच्या, अंबाजीच्या पडवीत तुझ्या कंपनीने होडीच्या मोटरसाठी दिलेली बॅटरीची पेटी पेटली. मासेमारीची बंदी एक जूनला लागली, तेव्हापासून अंबाजीची होडी किनाऱ्यावर ओढलेली आहे. पेटी नुसती भिंतीशी चार्जरला लावून ठेवली होती. तिला कोणी हात लावला नव्हता. आधी कुकरची शिट्टी अडकावी तसा आवाज आला, मग पांढरा धूर, मग जाळ. तुझी चुलती गोदू आत सोडे निवडत बसली होती. घर वाचवायचं म्हणून तिने ती पेटी दोन्ही हातांनी धरून अंगणात ओढत नेली. घर वाचलं. तिचे हात कोपरापर्यंत भाजले. अलिबागला दवाखान्यात आहे.

अंबाजीने बादल्या ओतल्या. वरून पाऊस होताच. तरी अर्धा तास ती पेटी अंगणात जळत होती. आपल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन दादू धावत आला आणि ओरडला, “बाय, पान्यात पन पेटतंय ह्ये!” मी त्याला सांगितलं, तिला बाहेरची हवा लागत नाही, जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच्या पोटातून काढते. भुताची गोष्ट ऐकावी तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. तू तसं बघणार नाहीस. तुला हे माहीत आहे.

काल तुझ्या कंपनीचा माणूस आला. जळका सांगाडा गोणत्यात भरून नेला आणि जाताना म्हणाला, “काका, चार्जरला खारा हात लावला असणार तुम्ही.” अंबाजी म्हणाला, “कोल्याचा हात खारा नसंल, तर कोनाचा असंल रं?” माणूस हसला आणि वहीत काहीतरी लिहून घेऊन गेला.

तो गेल्यावर मी मल्टीमीटर घेऊन सहा घरं फिरले. सहाही पेट्या चार्जरला, सहाही गच्च भरलेल्या, सहाही ६०.९ व्होल्टवर. पेटीच्या पट्टीवर तुम्हीच छापलं आहे, कमाल ५८.८. आत चौदा घट, म्हणजे सेल, ओळीने जोडलेत, हेही छापलं आहे. ६०.९ ला चौदाने भागून बघ. एका घटाला ४.३५ येतात. यायला हवेत ४.२.

मार्चमध्ये तुझी माणसं येऊन प्रत्येकाच्या फोनमधल्या पेटीच्या ॲपमध्ये काहीतरी घालून गेली. त्यानंतर होड्या दोन मैल लांब जाऊ लागल्या आणि दादूने नारळ फोडला. ती दोन मैलांची करामत पेट्या हद्दीपलीकडे भरून झाली, ते मला आता कळलं.

कोळीवाड्यात वीस पेट्या होत्या. एकोणीस उरल्या आहेत, एकोणीस घरांत, माणसं झोपतात तिथे. त्या अर्ध्यावर कशा उतरवायच्या, ते ताबडतोब लिहून कळव. लोकांकडे सूचनांचं मराठी पत्रक आहे, त्यात ओल्या हाताने चार्जर लावू नये असं पहिल्याच ओळीत आहे. त्यामुळे अंबाजीवर ढकलू नकोस.

सुचिता म्हात्रे


चौल, २४ जून

जीवन,

उत्तर आलं. तुझं नाही, तुमच्या कायदा विभागाचं. ‘सदर घटना ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे प्राथमिक निरीक्षणातून दिसून येते.’ मी त्याला दहापैकी दोन गुण दिले आहेत, तेही शुद्धलेखनाचे. कोणी, केव्हा, कोणत्या उपकरणाने निरीक्षण केलं? आकडा कुठे आहे? ४.३५ विषयी अख्ख्या पानात एक अक्षर नाही. आणि पेट्या उतरवायच्या कशा, याचंही नाही.

इकडे मी दारोदार फिरते आहे आणि लोक ऐकत नाहीत. चार्जर काढा म्हटलं की हसतात. बंदीत डिझेल एंजिनची टाकी काठोकाठ भरून ठेवायची, नाहीतर आत घाम धरतो आणि गंज चढतो, हे यांना आज्यापणज्यापासून माहीत. ट्रकची बॅटरी उतरू दिली की मेली, हेही माहीत. होडी ओढायच्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, ही इथली रीत. मग तुझी पेटी तेवढी अर्धी ठेवायची? गोदूच्या शेजारणीने तर तोंडावर सांगितलं, “बाय, तुमीच तर...” पुढचं इथे लिहिण्याचं कारण नाही.

दादूला मात्र मी समजावलं. त्याची होडी ओंडक्यांवर बसवलेली आहे, तिथेच उभी राहून.

“दादू, पेटीत एक काळी भुकटी असते. तिला कॅथोड म्हणतात. तिच्यात थरावर थर असतात, आणि थरांमध्ये लिथियम बसलेलं असतं, तुझ्या होडीखाली हे ओंडके आहेत ना, तसं. चार्ज करायचं म्हणजे हे ओंडके एकेक करून काढायचे आणि पलीकडच्या कोठीत नेऊन ठेवायचे. एंजिन चाललं की ते परत जागेवर येतात.”

“म्हंजे भरली पेटी ती खरी रिकामी?”

“कॅथोडच्या बाजूने, हो.”

“आन सगलं ओंडकं काडलं तर?”

“तूच सांग.”

त्याने वाकून होडीखाली पाहिलं. “दहातलं सहा-सात काडलं तर ऱ्हाईल उबी. त्याच्यावर गेलं तर बूड बसंल. फली उकलंल. मंग ओंडकं परत घालतो म्हनलं तरी जानार न्हाईत.”

वर्गात मी अठ्ठावीस वर्षं हे शिकवण्याचा प्रयत्न केला असता तरी इतकं नीट उत्तर एकानेही दिलं नसतं. तू तर नाहीच. थर बसतात. त्यातलं निकेल भुकेजल्यासारखं होतं, शेजारच्या ऑक्सिजनला धरून ठेवत नाही. तो सुटतो, आतल्या तेलकट द्रावणाला भेटतो आणि तापतो. पुढचं तुझ्या चुलतीच्या हातांना विचार.

तरी दादूने चार्जर काढला नाही. म्हणाला, “सगल्यांनी काडला की काडतो.” काल त्याची पेटी हाताला कोमट लागली.

शेवटी एक. तुझ्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर मला सांगितलं, ‘सर म्हणतात की बाईंचा जुना राग आहे.’ माझा? बारावीच्या प्रात्यक्षिकात तुझ्या ब्युरेटची तोटी गळत होती. तीन वेळा अनुमापन करून तीन रीडिंग घ्यायची होती. तू एकही घेतलं नाहीस. उत्तर आधी काढलंस आणि तिन्ही रकान्यांत १०.२ लिहिलंस. बाहेरून आलेले परीक्षक सोडून देत होते, मी दिलं नाही. चार गुण गेले, मुंबईच्या कॉलेजातली जागा गेली, आणि अठरा वर्षं तू या गावात पाय ठेवला नाहीस. माझा राग नाही. त्या दिवशी मी जे केलं ते आजही करीन. पण मला वाटलं होतं, तेवढ्याने तू शिकशील.

सुचिता म्हात्रे


चौल, २ जुलै

जीवन,

तुझं पाकीट आज मिळालं. पत्र नाही. माझ्या हस्ताक्षरातल्या पत्रकाची झेरॉक्स, आठव्या ओळीवर पिवळा पट्टा, आणि खाली तुझ्या अक्षरात: ‘बाई, हे कोणी लिहिलं?’

मी लिहिलं.

तुमचं चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक आलं, ते इथे कोणी वाचणार नव्हतं. दादू म्हणाला, बाय, एका पानात मराठीत करून द्या. करून दिलं. वीस प्रती काढल्या, प्रत्येक घरात एक, चार्जरच्या वर भिंतीला चिकटवलेली. आठवी ओळ: ‘बंदीच्या दोन महिन्यांत पेटी पूर्ण भरून चार्जरलाच लावून ठेवावी.’

तुला आनंद झाला असेल. होऊ दे. पण आता बसून नीट वाच.

शिशाची बॅटरी तशीच ठेवतात. आम्हाला तेच शिकवलं होतं आणि शिशापुरतं ते बरोबर आहे. तुमच्या पुस्तकात वेगळं काही असलंच तर कुठल्यातरी कोपऱ्यात असेल. आणि समज, ओळ चुकली. ४.२ वर भरून ठेवलेली पेटी दोन महिन्यांत म्हातारी झाली असती, होडीला थोडं कमी लांब नेलं असतं. पंधरा दिवसांत पेटली नसती. ती पेटली, कारण त्या चौदा घटांमधून काढू नये तेवढं लिथियम तू मार्चपासून काढत होतास, दर चार्जिंगला. भुकटीच्या प्रत्येक कणाचा पृष्ठभाग तेव्हाच मोडायला लागला होता. थर मोडून काय बनतं, ते तुला मी सांगायला नको. बारावीला तू हिरवे वाटाणे आणि काड्या घेऊन मिठाच्या स्फटिकाचा नमुना केला होतास, वर्गात सगळ्यांत सुबक. तीच रचना. चहूबाजूंनी घट्ट, आत शिरायला वाट नाही. माझा बाप मिठागरात राबला. मीठ एकदा धरलं की परत पाणी होत नाही, त्याला खरवडावंच लागतं, असं तो म्हणायचा. मला विरघळतं हे सिद्ध करून दाखवायची घाई असायची. या पेटीपुरता तो बरोबर होता, असा धरलेला थर परत सुटत नाही.

तुझा आकडा आणि माझी ओळ, एकाच पेटीत गेले. एकटी माझी ओळ धरून अंबाजीला आणि मला अडकवशील, तर तसं होणार नाही. माझ्याकडे सहा घरांची रीडिंगं आहेत. तारीख, वेळ, मीटरचा नंबर. घेतलेली.

पत्रकाचं मी लोकांना सांगेन. केव्हा, ते मी ठरवीन.

सुचिता म्हात्रे


चौल, ५ जुलै

जीवन,

काल सांगितलं.

ठरवलं मी नाही. काल सकाळी जाग आल्यावर तुमचं पुस्तक उघडलं, तू मला खोटं पाडणार नाहीस एवढी खात्री करायला. पान एकतीस. वेगळ्या चौकटीत, ठळक अक्षरांत: महिन्याहून जास्त काळ वापर नसेल तर अर्ध्यावर ठेवा, चार्जर काढा. कोपऱ्यात नाही. आंधळ्यालाही दिसेल असं.

मागच्या पत्रात मी लिहिलं ते खोटं होतं. पान एकतीस मला दिसलं नाही असं झालं नाही. मी ते पान उघडलंच नव्हतं. चोविसाव्या पानापर्यंत वाचलं, पुढे ‘साठवण’ असं शीर्षक पाहिलं, आणि बॅटरी कशी साठवतात हे मला माहीत आहे म्हणून पुस्तक मिटलं. रीडिंग न घेता उत्तर लिहिलं. त्याला काय म्हणतात, ते तुला माझ्याइतकं कोणी शिकवलेलं नाही.

दुपारी दादूने सोसायटीच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. मी पुन्हा ‘पेट्या उतरवा’ म्हटलं. दादूने खिशातून पत्रक काढून आठवी ओळ मोठ्याने वाचली. “बाय, आमी कोनाचं ऐकायचं? तुमचं का तुमचं?”

मी म्हटलं, “ती ओळ चुकीची आहे. पुस्तकात उलट लिहिलंय. मी न वाचता लिहिली.”

पन्नास माणसं. पत्र्यावर पाऊस. मग दादू म्हणाला, “म्हंजे बाय, तुमी नापास?”

“हो.”

“मंग फेरपरीक्षा कवा?”

हसले सगळे. एक अंबाजी सोडून. तो मागे खांबाला टेकून उभा होता. हसणं थांबेपर्यंत थांबला आणि म्हणाला, “बाय, तुमचा धडा माज्या बायकोच्या हातांवर लिवलाव.”

मी पिशवीतून मीटर काढला.

पेट्या कशा उतरवायच्या, ते तू अजून कळवलेलं नाहीस. ते अंबाजीनेच सांगितलं, माझ्याकडे न बघता, दादूला. दुरुस्त केलेलं एंजिन होडीला लावण्याआधी पिंपात चालवून बघतात. तसंच करायचं. पेटी ओट्यावर, मोटर पिंपाच्या काठाला अडकवायची, पंखा पाण्यात. समुद्रात जायला बंदी आहे, पिंपाला नाही. तीन वाजल्यापासून गल्लीत दारोदार निळी पिंपं लागली. पंखे गरगरत होते, अर्धं पाणी अंगणात, बायका बादल्यांनी परत भरत होत्या आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या. ते मी इथे लिहीत नाही, पण ते सगळं बरोबर होतं. मी मीटर घेऊन एकेका दाराशी. ५१.८ आलं की बंद. म्हणजे घटाला ३.७, अर्धी भरलेली. दोन पेट्या आधीच फुगल्या होत्या. त्यांना मोटर लावली नाही, रेतीच्या बंदरावर, घरांपासून लांब, रेतीच्या खड्ड्यात नेऊन ठेवल्या आहेत. त्यातली एक दादूची.

सतरा उतरल्या, दोन रेतीत. हिशेब जुळतो.

तुझ्या चुलत्याकडून माझा धडा झाला. तुझा अजून व्हायचा आहे.

सुचिता म्हात्रे


चौल, १२ जुलै

जीवन,

परवा सकाळी कोळीवाड्यातले सगळे फोन एकदम वाजले. ‘आपली पेटी अद्ययावत झाली आहे.’ काय बदललं, ते एका ओळीतही नव्हतं. मी एक पेटी मुद्दाम पूर्ण भरून पाहिली, उघड्यावर, स्वतः शेजारी उभी राहून. ५७.४ ला थांबली. चौदाने भाग. ४.१.

म्हणजे माझी पत्रं पोचतात.

तुला वाटलं असेल, बाई खूश होतील. आकडा बदललास, चांगलं केलंस, आणखी कोणी भाजणार नाही. पण मी तुला प्रयोगवहीचा पहिला नियम काय शिकवला होता? चुकलेलं रीडिंग खोडरबराने पुसायचं नाही. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी छोटी सही. म्हणजे कोणी केव्हाही वही उघडली, तरी काय चुकलं, कोणाचं चुकलं आणि कोणी सुधारलं, ते दिसतं. तू परवा खोडरबर चालवलास. ४.३५ कधी नव्हतंच, असं केलंस. आणि ४.३५ नव्हतं तर मग उरतो अंबाजीचा खारा हात.

तुझा माणूस मंगळवारी अंबाजीकडे पुन्हा आला होता, गोदू घरी आल्यावर. हातात छापील कागद: चार्जर आम्ही ओल्या हाताने हाताळला, कंपनीबद्दल तक्रार नाही. त्यावर अंगठा दिला तर बंदी उठायच्या, एक ऑगस्टच्या आत नवी पेटी, नाहीतर नाही. पेटी गोदूच्या नावावर आहे, म्हणून अंगठा तिचा हवा. अंबाजी म्हणाला, देऊन टाक, पेटीशिवाय हंगाम जाईल. गोदूने पट्ट्या बांधलेले दोन्ही हात त्या माणसासमोर धरले आणि म्हणाली, “यातला अंगठा कंचा, तूच शोद.” तो पुन्हा येतो म्हणून गेला.

तू हे वाचून मान फिरवशील, म्हणून स्पष्टच लिहिते. त्या कागदावर ठसा उमटला की विमावाल्यांकडे, फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे आणि या गावात, अंबाजीने आपल्या हाताने आपल्या बायकोला जाळलं असं कायमचं लिहिलं जाईल. तो ते पुढे कधी खोडू शकणार नाही. तूही नाहीस.

सोबत दोन कागद आहेत.

पहिला माझं पत्रक, मूळ प्रत. आठव्या ओळीवर मी एक रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. वर पान एकतीसवरची सूचना लिहिली आहे, शेजारी सही आणि तारीख. याचीच एक प्रत इन्स्पेक्टरला काल पाठवली, माझ्या पेन्शनच्या कागदांवर असतं तेवढं पूर्ण नाव घालून. कारवाई झाली तर होऊ दे. माझ्या भिंतीवरही एक लावली आहे, आणि सतरा घरांत जुन्या पत्रकांवर त्याच रेघा मी स्वतः जाऊन मारल्या. रेतीतल्या दोन पेट्यांच्या घरांतही मारल्या. अंबाजीच्या घरात पत्रक उरलेलं नाही. त्याच्याकडे कोऱ्या भिंतीसमोर उभी राहून परत आले.

दुसऱ्या कागदावर मी एकच ओळ लिहिली आहे: ‘मार्चमध्ये एका घटाची कमाल मर्यादा ४.३५ केली.’ रेघ तू मारायची आहेस. वर पट्टीवर छापलेल्या हिशेबाचे ४.२ लिही, सही कर, तारीख घाल, इन्स्पेक्टरला पाठव, आणि एक प्रत तुझ्या चुलत्याला. माझ्याकडे पाठवली नाहीस तरी चालेल.

तू म्हणशील, कंपनी बुडेल, तीस जणांची नोकरी जाईल. जाईलही. बारावीला तू म्हणाला होतास, बाई, माझं वर्ष बुडेल. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं की बुडण्याची भीती रीडिंग घेताना बाळगायची असते, लिहून झाल्यावर नाही. तेव्हा मला ते बोलणं सोपं होतं. काल पोस्टात उभी असताना सोपं नव्हतं.

गोदूच्या पट्ट्या एकवीस तारखेला, सोमवारी सुटणार. तुझा माणूस शाईचा पॅड घेऊन त्याच दिवशी येणार आहे. भाजलेल्या कातडीचा ठसा उमटतो की नाही, मला माहीत नाही. ते रीडिंग कोणाला घ्यावं लागू नये. तुझा कागद त्याआधी यायला हवा.

पेनने.

सु. म्हा.
१२/७